तिकीट काढण्याआधी गावाचं नाव सांगा
(कोकणात जाणाऱ्या बडोदेकरांसाठी)

"रत्नागिरीची तिकिटं काढून झालीत, आता पुढचं तुम्ही बघा." दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीआधी दांडिया बाजारातल्या आमच्या कार्यालयात हे वाक्य रोज ऐकू येतं. पुढचं आम्ही बघतोच. पण नेमकं जायचं कुठे हे विचारलं की कळतं, कुलदैवत गुहागरकडचं आहे किंवा मुलांना मालवणचा किल्ला दाखवायचा आहे. म्हणजे स्टेशनच चुकलेलं असतं.

बडोद्याहून वसई रोड-पनवेलमार्गे जाणाऱ्या गाडीला आधी खेड लागतं, मग चिपळूण, मग रत्नागिरी. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी ही गावं चिपळूणकडची. चिपळूण ते गुहागर साधारण ४५ किलोमीटर. रत्नागिरीला उतरलात, तर मागे टाकलेलं चिपळूण गाठायला सुमारे ९० किलोमीटर उलट यावं लागतं. दापोली, हर्णै, आंजर्ल्यासाठी खेडला उतरावं. मालवणला रेल्वे नाही, कुडाळ किंवा कणकवली धरावं. वेंगुर्ला-शिरोड्यासाठी सावंतवाडी रोड. गणपतीपुळे आणि पावस असेल तर मात्र रत्नागिरीच बरोबर.

गेल्या दिवाळीनंतर एक कुटुंब वेळणेश्वरला अभिषेकाला निघालं होतं. सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. तिकीट रत्नागिरीचं, आणि आमच्याकडे आले ते निघायच्या दोन दिवस आधी. सकाळी नऊची वेळ दिलेले गुरुजी दुपारपर्यंत थांबले, पण आजी मोटारीतून उतरल्या तेव्हा त्यांचे पाय सुजले होते. अभिषेक झाला, ओटीसुद्धा भरली. समुद्र मात्र त्यांनी देवळाच्या पायरीवर बसूनच पाहिला. तेव्हापासून आम्ही आधी गाव विचारतो, तारीख नंतर. काहींना ही चौकशी जास्तीची वाटते, तरी आम्ही ती सोडत नाही.

घाई का होते तेही आम्हाला समजतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुटीतल्या जागा लगेच भरतात. म्हणून त्याआधीच्या आठवड्यात एक चक्कर मारा. लांब पल्ल्याची प्रत्येक गाडी चिपळूणला किंवा कुडाळला थांबत नाही, त्यामुळे कधीकधी रत्नागिरीचं तिकीट आम्हीच सुचवतो. पण मग मार्ग वेगळा आखतो. पहिला मुक्काम गणपतीपुळ्याला, दुसऱ्या दिवशी सकाळी जयगड. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि खाडीपलीकडे तवसाळला उतरायचं. तिथून हेदवीचा दशभुजा गणपती जवळ, पुढे वेळणेश्वर. बोटीच्या कठड्याला धरून उभ्या राहिलेल्या मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आठवतो. दापोलीकडून गुहागरला येणाऱ्यांसाठी दाभोळ-धोपावे अशीच फेरी आहे.

नकाशावर दोन गावं बोटभर अंतरावर दिसतात, पण मध्ये खाडी असते. म्हणूनच चार दिवसांत दापोली, गणपतीपुळे आणि मालवण असा कार्यक्रम आम्ही करून देत नाही. दुसरीकडे करून मिळतो, हे आम्हाला माहीत आहे. त्यात दिवस गाडीत जातो आणि हर्णैच्या बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव हुकतो. आम्ही एका ठिकाणी किमान दोन रात्री ठेवतो. मालवणला तर नक्कीच. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. होडीवाल्याच्या वेळेत धावतपळत हे सगळं पाहून होत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळे किल्ल्यासाठी जुलै-ऑगस्ट धरू नका.

मोटार आणि चालक आम्ही तिथलेच देतो. भाडं थोडं जास्त वाटेल, पण फेरीच्या वेळा आणि अरुंद वाटा त्यांच्या रोजच्या सवयीच्या असतात, आणि चालकाच्या बडोद्यापासूनच्या येण्या-जाण्याचा खर्च तुमच्यावर पडत नाही. उतरायची सोय घरगुती निवासात करतो. सकाळी घावणे, जेवणात सोलकढी, आणि आदल्या दिवशी सांगितलंत तर उकडीचे मोदक.

कार्यक्रम आखून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. येताना कुलदैवताचं आणि मूळ गावाचं नाव लिहून आणा. गाव नक्की माहीत नसेल, तर घरातला कुलवृत्तांत घेऊन या, आपण बसून शोधू.