चेक इंजिनचा दिवा कुणासाठी?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, गाडी मात्र बहुतेक वेळा नेहमीसारखीच पळत असते. मग आपण त्याच्याकडे काणाडोळा करतो. खरं तर हा दिवा सक्तीचा झाला तो चालकाच्या सोयीसाठी नव्हे, लॉस एंजेलिसच्या हवेसाठी.

१९४३च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरलं. गाड्या आणि रिफायनऱ्यांतून निघणाऱ्या वायूंवर ऊन पडलं की ते तयार होतं, हे कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञानसंस्थेचे आरी हागेन-स्मिट यांनी पन्नाशीच्या दशकात दाखवून दिलं. पुढे कायदे आले आणि १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांत धुरातले घातक वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. पण कोरी गाडी चाचणीत पास होते, पाच-सात वर्षांनी तिचं काय? कन्व्हर्टर निकामी झाला तरी ओढ तीच, आवाज तोच. मालकाला कळणार कसं?

म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून गाडीलाच स्वतःची तपासणी करायला आणि दोष दिसला की दिवा लावायला लावलं. या यंत्रणेचं नाव ओबीडी, म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स. ही पहिली पिढी, ओबीडी-१, तशी भोळीच होती. तुटलेली वायर, मेलेला सेन्सर तिला कळे; कन्व्हर्टर थकलाय हे कळत नसे. शिवाय प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा, कोड वेगळे. १९९६पासून अमेरिकेत सगळ्या नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं आणि सोळा पिनांचं एकच सॉकेट आलं. गॅरेजवाल्याचा स्कॅनर आजही त्यातच लागतो.

गंमत अशी, की ही यंत्रणा सहसा धूर मोजतच नाही, अंदाज बांधते. पेट्रोल गाडीत कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पहिल्याचा व्होल्टेज सतत वर-खाली उड्या मारतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागचा सेन्सर जवळपास शांत असतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला, की कन्व्हर्टर थकला असं कॉम्प्युटर समजतो आणि पी०४२० कोड नोंदवतो. गाडीच्या एकाच फेरीत दोष दिसला म्हणून लगेच दिवा लावत नाही. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत दिसावे लागतात. मिसफायरही असाच अप्रत्यक्ष पकडतात: एका सिलिंडरमध्ये जाळ झाला नाही, तर क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचा, वेग क्षणभर पडतो. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळून टाकू शकतं, म्हणून अशा वेळी दिवा नुसता लागत नाही, लुकलुकतो. तेव्हा तरी गाडी पुढे दामटू नये.

भारतात बीएस-४ या प्रदूषण-नियमांखालच्या गाड्यांना २०१०पासून ओबीडी-१ आणि २०१३पासून ओबीडी-२ लागू झालं. दुचाकींना ओबीडी-२ यायला २०२३ उजाडलं.

या पद्धतीची एक फट सप्टेंबर २०१५मध्ये जगासमोर आली. फोक्सवॅगनच्या काही डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागत होतं. रस्त्यावर त्यांचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात, असं अमेरिकी पर्यावरण संस्थेने सांगितलं. चोरी आणि पहारा एकाच कॉम्प्युटरकडे होता. दिवा लागायचा प्रश्नच नव्हता.