पडद्यासाठी लिहिली, पानांवरच राहिली

'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या साहसकथांच्या मालिकेतला पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत झळकला. त्याची कादंबरी मात्र सहा महिने आधीच, नोव्हेंबर १९७६ मध्ये बाजारात आली होती. मुखपृष्ठावर नाव चित्रपटाचा दिग्दर्शक जॉर्ज लुकासचं, पण लिहिली होती ॲलन डीन फॉस्टरने. त्याच्याशी करार दोन पुस्तकांचा होता आणि दुसऱ्या पुस्तकामागे सरळ व्यवहार होता. चित्रपटावर साधारण १ कोटी १० लाख डॉलर खर्च झाले होते. तो जर अगदी आपटला नाही पण फारसा चाललाही नाही, तर पुढचा भाग थोडक्या पैशांत काढता येईल अशी गोष्ट लुकासला हाताशी हवी होती.

म्हणून १९७८ची 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' जवळजवळ सगळी मिंबन नावाच्या धुक्याने भरलेल्या एकाच ग्रहावर घडते. धुकं असलं की मोठाले देखावे उभारायला नकोत. फॉस्टरने सुरुवातीला अंतराळातली एक लढाई घातली होती. खर्च वाढेल म्हणून लुकासने ती काढायला लावली. चित्रपटातला तस्कर हॅन सोलो या गोष्टीत नाहीच, कारण ती भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड पुढच्या भागांसाठी करारात बांधलेला नव्हता. लेखकाच्या खांद्यावर निर्मात्याचा हिशेबनीस बसल्याची ही कादंबरी.

मग चित्रपटाने असा गल्ला भरला की काटकसरीची गरजच उरली नाही. १९८० मध्ये दुसरा भाग आला तो भरपूर पैसा ओतून आणि वेगळ्याच कथेवर. १९८३च्या तिसऱ्या भागात नायक ल्यूक आणि नायिका लेआ सख्खी भावंडं निघाली. त्यामुळे फॉस्टरने दोघांत रंगवलेली हळवी जवळीक आज वाचताना चांगलंच अवघडायला होतं. तेवढं सोडलं तर छोट्या, काळोख्या चित्रपटाला हे पुस्तक अजूनही शोभेल असं माझं मत आहे.

१९८३ नंतर काही वर्षं सगळं थंडावलं. १९९१ मध्ये टिमथी झानची 'एअर टू दि एम्पायर' ही कादंबरी आली आणि थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत अव्वल ठरली. १९९२ आणि १९९३ मध्ये तिचे पुढचे दोन भाग आले. तिसऱ्या चित्रपटानंतर पाच वर्षांनी घडणारी ही कथा. तिचं बळ खलनायकात आहे. निळ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा ग्रँड ॲडमिरल थ्रॉन अंगबळावर किंवा जादूवर लढत नाही. शत्रूच्या चित्रांचा आणि शिल्पांचा अभ्यास करून तो त्यांच्या विचारांतली खोट हेरतो. असा शत्रू चित्रपटांनाही तोवर सुचला नव्हता.

पण ही त्रयी पडद्यावर आली नाही. लुकास पुन्हा कामाला लागला तो आधीच्या काळाची गोष्ट सांगायला, १९९९ मध्ये. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नीने सुमारे ४०५ कोटी डॉलरना लुकासची कंपनी लुकासफिल्म विकत घेतली. डिसेंबर २०१५ मध्ये नवा चित्रपट आला तेव्हा ल्यूक साकारणारा मार्क हॅमिल चौसष्ट वर्षांचा होता. झानच्या कथेतला तरुण ल्यूक कुठून आणायचा? शिवाय पुस्तकं न वाचलेल्या कोट्यवधी प्रेक्षकांना तेवीस वर्षांचा कथाभार आधी समजावून कोण सांगणार? २५ एप्रिल २०१४ रोजी त्या साऱ्या कादंबऱ्यांना 'लेजेंड्स' असा शिक्का मारून अधिकृत कथेबाहेर काढण्यात आलं. वाचक चिडले. व्यवसाय म्हणून मात्र दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

गंमत अशी की अख्खी कादंबरी नाकारणाऱ्या पडद्याने तिचे सुटे भाग बिनदिक्कत उचलले. कोरुसांट हे राजधानीच्या ग्रहाचं नाव झानचं. १९९९च्या चित्रपटात ते सर्रास येतं. थ्रॉन २०१६ मध्ये 'रेबेल्स' या ॲनिमेशन मालिकेत अवतरला. तिथे त्याला आवाज देणारा लार्स मिकेलसन २०२३च्या 'अहसोका' मालिकेत त्याच भूमिकेत प्रत्यक्ष उभा राहिला. त्रयीतली दुसरी लाडकी व्यक्तिरेखा, मारा जेड, मात्र अजून बाहेरच आहे. पात्रं, ग्रह, नावं या सगळ्यांवर मालकी कंपनीची असल्याने काय उचलायचं आणि काय टाकायचं हे तीच ठरवते.

अख्खी कादंबरी पडद्यावर येत नाही, याला एक सुंदर अपवाद ब्रिटनमध्ये घडला. काळातून प्रवास करणाऱ्या 'डॉक्टर'ची 'डॉक्टर हू' ही टीव्ही मालिका १९८९ मध्ये बंद पडल्यावर व्हर्जिन प्रकाशनाने तिच्या नव्या कथा कादंबऱ्यांतून सुरू ठेवल्या. त्यांतली पॉल कॉर्नेलची 'ह्यूमन नेचर' (१९९५) पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, इंग्लंडमधल्या मुलांच्या शाळेत घडते. डॉक्टर स्वतःची ओळख विसरून तिथे साधा मास्तर म्हणून राहतो आणि प्रेमात पडतो. मालिका परतल्यावर २००७ मध्ये कॉर्नेलनेच तिचे दोन भाग लिहिले. डॉक्टरचा नट बदललेला, त्याची सोबतीण वेगळी, तरी कथेला धक्का लागला नाही. आधीचं काही ठाऊक नसलेल्यालाही ती कळते, आणि अशी पुस्तकं या व्यवसायात फार थोडी.

'स्टार वॉर्स'च्या कपाटात त्या जातीचं एक आहे: ब्रायन डेलीचं 'हॅन सोलो ॲट स्टार्स एंड' (१९७९). जादुई शक्तीचे योद्धे म्हणजे जेडाय नाहीत, साम्राज्याचं भवितव्य पणाला नाही. एक तस्कर, त्याचा केसाळ साथीदार आणि फोडायचा एक तुरुंग. शेवटी तर तुरुंगाचा मनोराच आकाशात उडतो. तरुण हॅन सोलो २०१८ मध्ये पडद्यावर आलाही, पण वेगळ्या कथेत. त्या चित्रपटाचा गल्ला अपेक्षेहून बराच कमी भरला आणि पुढचा भाग निघाला नाही.