सौंदर्यकल्पना, माध्यमे आणि शरीरस्वीकार : नाशिक

नाशिक शहर व जिल्ह्यात देखणे कोणाला म्हणायचे, हे ठरवण्यात मूर्ती, नाटक, छापील चित्र, चित्रपट, जाहिरात आणि मोबाइल या सगळ्यांचा हात आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यात ‘आहे ते शरीर लपवू नये, त्याची लाज वाटू देऊ नये’ ही भूमिका येऊन मिळाली. बोलण्यात तिला सर्रास बॉडी पॉझिटिव्हिटी म्हणतात. या नोंदीत शरीरस्वीकार हा शब्द वापरला आहे. तिचे मूळ अमेरिकेतल्या लठ्ठ माणसांच्या हक्कांच्या चळवळीत आहे. १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काही शे लोकांनी जमून उघडपणे खात-पीत निषेध नोंदवला आणि १९६९ मध्ये तिथेच या प्रश्नावर काम करणारी संघटना उभी राहिली. पुढे २००४ पासून डव्ह साबणाच्या जाहिरातींनी हा विचार बाजारात आणला आणि इन्स्टाग्रामने तो घरोघरी नेला. नाशिकपुरते बोलायचे तर वजनाच्या बाबतीत माध्यमे थोडीफार हलली आहेत. रंगाच्या बाबतीत शब्द बदलले, माप मात्र जवळपास जुनेच आहे.

जुन्या प्रतिमा

या गावाची सर्वांत प्रसिद्ध कथाच एका चेहऱ्याची आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले आणि त्यावरून गावाला नाव पडले, ही समजूत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात या प्रसंगाआधी दोघांची रूपे शेजारी ठेवली आहेत : राम सुमुख, ती दुर्मुखी; त्याची कंबर रेखीव, ती मोठ्या पोटाची; त्याचे डोळे विशाल, तिचे विद्रूप; त्याचे केस सुंदर, तिचे तांबूस. ही यादी पुढे कितीतरी खलनायिकांना पुरली. नंतरच्या काही रामकथांत ती मोहक रूप घेऊन येते, म्हणजे तिथे रूप हेच कपट ठरते. बाईची सुटका दोन्हीकडे नाही.

त्याच पंचवटीत सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या मंदिरात राम काळ्या पाषाणाचा आहे. काळाराम हे नाव नाशिककर लाडानेच घेतो. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जाणारा वारकरीही सावळ्या विठ्ठलाचेच रूप गात जातो. पण सावळ्या रंगाची ही माया देवापुरती राहिली. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा काळ्या देवाच्या दारात माणसे जातीवरून अडवली जात होती. सौंदर्याच्या चर्चेत हे आणायचे कारण असे की ‘गोरा’ या शब्दाला आपल्याकडे नुसत्या कातडीचा अर्थ कधीच नव्हता. त्यात घराणे, जात, उन्हात राबावे न लागणे हे सगळे धरलेले असते. शरीरस्वीकाराच्या शहरी चर्चेत ही बाजू सहसा गळते.

पडद्यावरचा चेहरा

भारतीय चित्रपटाचे आद्य निर्माते दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. १९१८ मध्ये त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकमध्ये सुरू झाली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) त्यांनी वर्तमानपत्रांत नटांची जाहिरात दिली. आलेले उमेदवार पाहून हताश होऊन पुढच्या जाहिरातीत ‘फक्त देखण्या माणसांनीच यावे’ अशा अर्थाची ओळ घालावी लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणारा, नाजूक अंगकाठीचा अण्णा साळुंके हा तरुण तारामती झाला. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही त्यानेच केले. पडद्यावरची आदर्श भारतीय नारी पहिल्यांदा दिसली ती अशी, एका पुरुषाच्या देहात.

रंगभूमीवर तर हे राजरोस चालू होते. बालगंधर्वांची साडी, नथ, अंबाडा आणि गजरा यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करत. राजा रवि वर्म्याच्या छापील चित्रांनी नऊवारीतल्या भरल्या अंगाच्या लक्ष्मी-सरस्वती भिंतीभिंतीवर नेल्या. फाळक्यांनीही उमेदीच्या काळात त्या छापखान्यासाठी काम केले होते. त्या काळच्या देखणेपणात अंग भरलेले असणे हा दोष नव्हता. ‘खात्यापित्या घरची’ ही स्तुती होती आणि हडकुळ्या माणसाला ‘पाप्याचं पितर’ म्हणत. शेलाटा बांधा आदर्श होण्यामागे नंतरचा चित्रपट, तयार कपड्यांची मापे आणि १९९४ मध्ये सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय यांनी विश्वसौंदर्याचे किताब आणल्यावर गावोगावी पसरलेल्या स्पर्धा आहेत. श्रावणक्वीनसारख्या स्पर्धेची फेरी नाशिकमध्येही होऊ लागली आणि कॉलेज रोडवरच्या मुलींना रॅम्पवर चालायचे शिकवणारे वर्ग मिळाले.

रंगाचा बाजार आणि बायोडेटा

मुंबईत १९१९ मध्ये निघालेल्या अफगाण स्नोपासून ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्दच मराठी घरात रुळला. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि तिच्या जाहिरातींनी एक ठरीव गोष्ट रुजवली : सावळी मुलगी, नकार, ट्यूब, उजळलेला चेहरा, नोकरी किंवा नवरा. २००५ मध्ये पुरुषांसाठीही वेगळी क्रीम निघाली. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये नियमावली काढली. सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेला किंवा लग्नाच्या बाजारात नाकारलेला दाखवू नये, असे तीत स्पष्ट सांगितले आहे. २०२० मध्ये क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेले आणि ‘ग्लो’ आले. नाशिकरोडच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक मात्र अजून जुन्याच नावाने मागते आणि दुकानदार न चुकता नवी ट्यूब काढून देतो.

क्रीमपेक्षा टिकाऊ माध्यम म्हणजे लग्नाचा बायोडेटा. पूर्वी स्थानिक वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानावर ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ हे चार शब्द ओळीने येत. आता तो कागद पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपच्या समाजगटांत फिरतो. वर ‘श्री गणेश प्रसन्न’, त्याखाली नाव, जन्मवेळ, रास, नाडी, देवक, उंची आणि मग ‘वर्ण’. या रकान्यात ‘सावळा’ लिहिलेले क्वचितच सापडते. सावळी मुलगी ‘गव्हाळ’ होते, गव्हाळ ‘निमगोरी’ आणि निमगोरी थेट ‘गोरी’. प्रत्येकीला एक पायरी बढती. मुलाच्या बायोडेटात हाच रकाना असतो, पण तिथे कोणी फार वेळ घालवत नाही. लगेच खाली ‘बागायत क्षेत्र’ आणि ‘वार्षिक उत्पन्न’ पाहिले जाते. शादी डॉट कॉमने २०२० मध्ये, वापरणाऱ्यांच्या तक्रारीनंतर, रंगानुसार स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. बायोडेटातला रकाना काढायला कोणतीही कंपनी नाही, म्हणून तो आहे.

या मागणीपायी अपायही झाला आहे. बुरशीवरची किंवा खाजेवरची म्हणून मिळणारी स्टेरॉइडयुक्त मलमे ‘रंग उजळतो’ या समजुतीने महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली जातात. त्याने कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ व लव वाढते, आणि मलम थांबवले की त्रास आणखी बळावतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

वजन आणि छोटा पडदा

वजनाबाबत मराठी करमणुकीचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. विनोदी प्रवेशात जाड बाई आली की खुर्ची मोडणार, हे प्रेक्षकाला आधीच माहीत असे. या पार्श्वभूमीवर २०१६ मध्ये सचिन कुंडलकर यांचा ‘वजनदार’ आला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यासाठी मुद्दाम वजन वाढवले होते. २०२० मध्ये कलर्स मराठीवर ‘सुंदरा मनामध्ये भरली’ सुरू झाली. हे नाव शाहीर राम जोशी यांच्या लावणीचे. अक्षया नाईक यांची लतिका ही रोज रात्री घराघरांत येणारी वजनदार नायिका होती, आणि ती नायिकेची मैत्रीण नव्हती, हे महत्त्वाचे. तरीही लतिकेच्या कथेचे इंजिन तिचे वजनच होते. जाड नायिका आहे आणि मालिका तिच्या नोकरीबद्दल किंवा सासूशी असलेल्या भांडणाबद्दल आहे, ही पायरी अजून लांब दिसते.

या सगळ्याच्या बरीच आधी, कोणताही झेंडा न घेता, ‘होम मिनिस्टर’ने (झी मराठी, २००४ पासून) एक गोष्ट केली होती. आदेश बांदेकर वहिनींच्या घरी जात. वहिनी जाड असो, बारीक असो, दात पुढे असलेली असो, तिच्या अंगलटीचा विषयच निघत नसे. खेळ जिंकला की पैठणी. ही पैठणी ज्या येवल्याची, तो तालुका नाशिक जिल्ह्यातला. साडी मापाची विचारपूस करत नाही, हा तिचा मोठा गुण. अडचण होते ती ब्लाउजपाशी.

तयार कपड्यांत मात्र माप गाठतेच. मेन रोडवरच्या दुकानांबाहेरचे पुतळे दुधासारखे पांढरे, मानेला उंच आणि कमरेला चिमूट. त्यांच्या अंगावरचा कुर्ता इतका बेतशीर बसलेला असतो की हात आपोआप कापडाकडे जातो. पुतळ्याच्या पाठीमागे जाऊन पाहिले तर जादा कापड चिमट्यांनी आणि टाचण्यांनी आवळलेले दिसते. ‘फ्री साइज’ची पाटी याच पुतळ्यांच्या गळ्यात असते. अलीकडे ‘प्लस साइज’ अशा पाट्याही दिसतात. माल बहुतेक गडद रंगांचा, कारण गडद रंगात माणूस बारीक दिसतो हा सल्ला दुकानदार फुकट देतो.

बातम्यांच्या पानांनी वेगळी शरीरे दाखवली ती खेळाच्या निमित्ताने. आदिवासी भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवून आली, तेव्हा ‘सावरपाडा एक्स्प्रेस’चे काटक, उन्हाने रापलेले छायाचित्र पहिल्या पानावर आले. त्या छायाचित्राखाली सौंदर्याचा शब्द नव्हता, आणि तो नसल्यामुळेच ते छायाचित्र मोकळे वाटते.

मोबाइल, जिम आणि पुरुष

गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागांत आणि वायनरींच्या परिसरात आता प्री-वेडिंगची छायाचित्रे काढली जातात. पूर्वी स्टुडिओवाला निगेटिव्हवर पेन्सिलीने डाग झाकत असे; आज हेच काम फोनचा ब्युटी मोड न विचारता करतो. कातडी गुळगुळीत, रंग दोन छटा उजळ, जबडा निमुळता. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचा बांधा संगणकावर बदललेल्या जाहिरातीवर तशी नोंद छापणे सक्तीचे आहे. भारतात असा कायदा नाही. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी आखलेल्या नियमांचा मुख्य रोख पैसे घेऊन केलेली शिफारस उघड करण्यावर आहे.

शरीरस्वीकाराची रील याच पडद्यावर येते : पोटावरच्या वळ्या, बाळंतपणाच्या खुणा, टक्कल, कोड. मराठीत असा मजकूर करणाऱ्या मुली वाढल्या आहेत आणि त्याखालच्या शिव्याही. त्या रीलच्या पाठोपाठ ‘एकवीस दिवसांत पोट गायब’ येते, कारण फोनला दोन्हींमधला फरक कळत नाही, ‘पोट’ कळते.

पुरुषांबद्दल फारच कमी बोलले जाते. तालमीतला पहिलवान पोट राखून असे, मान आणि मांड्या कमावत असे आणि त्याला कोणी लठ्ठ म्हणत नसे. गंगापूर रोडच्या जिममधल्या मुलाला पोटावरचे सहा चौकोन हवे असतात. ते वर्षभर टिकत नाहीत, म्हणून प्रोटीनच्या डब्यांपासून इंजेक्शनांपर्यंत मजल जाते. ‘काडीपैलवान’, ‘टकल्या’, ‘बुटक्या’ या हाका मित्रांत चालतात आणि त्यांना शेमिंग म्हटले की ‘एवढं काय मनावर घेतो’ हे ठरलेले उत्तर मिळते.

आक्षेप

शरीरस्वीकारावर सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप आरोग्याचा : असे म्हणत राहिलो तर मधुमेह वाढेल. आक्षेप अगदीच गैरलागू नाही. भारतीयांना पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून इथल्या डॉक्टरांनी बॉडी मास इंडेक्सची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची, स्थूलतेची रेषा ३० ऐवजी २५ वर आणली. पण त्याच संशोधनाची दुसरी बाजू पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवली आहे. ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर त्यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा इंडेक्स सारखाच, २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेला भारतीय आतून स्थूल असू शकतो. म्हणजे वधूपरीक्षेत ‘सडपातळ’ म्हणून पसंत केलेल्या मुलीच्या किंवा मुलाच्या प्रकृतीबद्दल डोळ्यांना काहीच कळलेले नसते. त्यासाठी रक्तातली साखर आणि कमरेचा घेर मोजावा लागतो, आणि बायोडेटात त्यांचा रकाना नाही.