प्रकल्प मार्गदर्शक

विद्यार्थ्याच्या अभ्यासप्रकल्पाला विषयनिवडीपासून तोंडी परीक्षेपर्यंत दिशा देणारी अनुभवी व्यक्ती. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात 'गाइड'. मार्गदर्शक संस्थेने नेमलेला असतो आणि गुण देण्यातही बहुधा त्याचा वाटा असतो. याउलट सल्लागाराचा संबंध सांख्यिकी, एखादे उपकरण अशा मुद्द्यापुरता येतो. गुण त्याच्या हाती नसल्यामुळे 'मला हे कळलेलं नाही' असे त्याच्यापाशी मोकळेपणाने म्हणता येते. म्हणून दोन्ही भूमिका वेगवेगळ्या माणसांकडे असणे चांगले.

गीसेन विद्यापीठात १८२४ साली रुजू झालेले रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फोन लीबिख यांनी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत स्वतः संशोधन करायला लावण्याची पद्धत रुजवली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९६९ साली मार्गारेट मॅकविकार यांनी सुरू केलेल्या उपक्रमामुळे पदवीचे विद्यार्थीही प्राध्यापकांच्या संशोधनात सहभागी होऊ लागले.

मार्गदर्शकाचे सर्वांत मोलाचे काम सुरुवातीलाच असते, ते म्हणजे आवाका ठरवणे. 'पाण्याचे प्रदूषण' हा विषय कोणत्याही सत्रात संपणार नाही. 'एका विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट पावसाळ्याआधी आणि नंतर' हा संपू शकतो. ही काटछाट विद्यार्थ्याकडूनच करवून घ्यावी लागते. तयार विषय हाती ठेवला, तर तो अमुकच का, हे त्याला शेवटपर्यंत सांगता येत नाही.

वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली लहान मुले लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचताना शिकवणारी व्यक्ती कशी मदत करते, हे अभ्यासले आणि त्या मदतीला परांचीची उपमा दिली. बांधकाम पेलू लागले की परांची उतरवतात. प्रकल्पात हे उतरवणेच अवघड जाते: बिघडलेला प्रोग्रॅम स्वतः दुरुस्त करून देणे दहा मिनिटांचे काम, चूक कुठे शोधायची हे विचारत बसणे दोन तासांचे. मात्र सुरक्षितता, प्रयोगातील माणसांची संमती आणि आकडेवारीचा खरेपणा यांत थांबून पाहणे चालत नाही. तिथे लगेच हस्तक्षेप करावाच लागतो.

श्रेयाचा प्रश्न मात्र नाजूक. केंब्रिजमधील संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल यांना १९६७ साली दुर्बिणीच्या नोंदींत पल्सारची, म्हणजे नियमित रेडिओ स्पंदने देणाऱ्या ताऱ्याची, खूण दिसली. १९७४ चे नोबेल मिळाले ते त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश आणि खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांना. २०१८ मध्ये मिळालेल्या विशेष ब्रेकथ्रू पुरस्काराची तीस लाख डॉलरची रक्कम बेल यांनी भौतिकशास्त्रातील संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिली.