दुनळी बंदूक (कोकण)

दुनळी बंदूक : एकाच दस्त्यावर शेजारीशेजारी बसवलेल्या, आतून गुळगुळीत अशा दोन नळ्यांची, छरे किंवा एकेरी गोळी उडवणारी खांद्यावरची बंदूक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालेल्या, मुख्यतः इंग्लिश आणि बेल्जियन बनावटीच्या, मोठ्या बोअरच्या जुन्या दुनळ्यांचा व कोकणात त्यांच्या साहाय्याने पूर्वी होत असलेल्या शिकारीचा विचार या नोंदीत केला आहे. शेतकऱ्याच्या घरची एकनळी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरायची) बंदूक हा वेगळा प्रकार असून तिचा उल्लेख प्रसंगोपात्त येईल.

‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ एक कवचाचे फळ. त्यावरून तशा आकाराची लहान गोळी व पुढे ती गोळी फेकणारे शस्त्र असा अर्थविस्तार झाला. व्हेनिस शहराच्या ‘अल्-बुंदुकिया’ या अरबी नावाशी त्याचा संबंध जोडणारेही एक मत आहे. परंतु दारूची शस्त्रे प्रचारात येण्यापूर्वीच गोफणधनुष्याच्या मातीच्या गोळीला अरबीत हा शब्द लावला जात असल्यामुळे पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. ‘काडतूस’ काहींनी इंग्रजीवरून आल्याचे मानले असले, तरी शब्दाच्या शेवटचा ‘स’ पोर्तुगीज ‘कार्तुशु’ला जवळचा आहे, आणि गोवा, चौल व वसई येथील पोर्तुगीज ठाण्यांशी कोकणाचा दीर्घकाळ आलेला संबंध पाहता तोच मार्ग संभवनीय दिसतो. दोन नळ्यांच्या बंदुकीला बोलताना ‘डबल बार’ असेही म्हणतात. सिंधुदुर्गातील वाचकाला ‘डबलबारी’ म्हटले की भजनाचा सामना आठवेल. पण त्यातील ‘बारी’ म्हणजे पाळी, तिचा बंदुकीशी संबंध नाही.

हाती धरायची बंदूक कोकणात नेमकी केव्हा व कोणामार्फत आली, याविषयी एकमत नाही. बहमनी राजवटीत, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, दख्खनमध्ये दारूचा उपयोग होत होता. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर तोड्याच्या (पेटत्या वातीने बार उडवणाऱ्या) बंदुकांचा प्रसार झाला, असे सामान्यतः मानतात. तथापि अरबी समुद्रातील तुर्की व अरब व्यापाऱ्यांकडून त्या काहीशा आधीच आल्या असाव्यात, असाही पक्ष मांडला जातो. ही मते परस्परांना छेद देतातच असे नाही : एकेका बंदुकीचे आगमन आणि बंदूक घडवण्याची कला रुजणे या दोन घटना वेगळ्या आहेत, आणि दुसरीचे श्रेय गोव्यातील कारखान्यांना देणे सयुक्तिक ठरते. तोड्यानंतर चकमकीची, मग टोपीची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटक टोपीची) व अखेर काडतुसाची बंदूक असा क्रम इतरत्र दिसतो तसाच येथेही दिसतो. मात्र कोकणात नवे आले म्हणून जुने गेले नाही. टोपीची ठासणी आणि काडतुसी दुनळी एकाच वाडीत नांदत.

दुनळीच्या वर्णनात सर्वांत अधिक गोंधळ ‘बोअर’ या मापाचा होतो. बोअर हे नळीच्या आतील व्यासाचे माप असले, तरी ते लांबीच्या एककात सांगत नाहीत. नळीत नेमकी बसणारी शुद्ध शिशाची गोल गोळी घेतली, तर तशा जितक्या गोळ्यांचे वजन एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, भरते तो आकडा म्हणजे बोअर. त्यामुळे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. या हिशेबाने १२ बोअरचा व्यास १८.५ मिमी., १० बोअरचा १९.७ मिमी., ८ बोअरचा २१.२ मिमी. आणि ४ बोअरचा २६.७ मिमी. येतो. ‘४१०’ नावाच्या बंदुकीचा आकडा मात्र या पद्धतीत बसत नाही. तो व्यास इंचाच्या सहस्रांशांत सांगतो. प्रत्यक्ष नळी मोजली असता गणिती माप क्वचितच तंतोतंत जुळते. पातळ पितळी काडतुसासाठी बनवलेल्या ८ बोअरच्या काही बंदुकांची नळी ७ बोअरच्या मापाची भरते, तर ४ बोअर म्हणून विकलेल्या अनेक बंदुका ५ बोअरच्या आसपास असतात. बंदुकीवरील ठशात नोंदलेला आकडा काडतूसघराचा (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाचा) की नळीचा, हे पाहिल्याशिवाय केलेले वर्गीकरण म्हणूनच विश्वसनीय मानता येत नाही.

मोठ्या बोअरने छरे अधिक वेगाने जातात, ही समजूत बरोबर नाही. फरक पडतो तो छऱ्यांच्या भरण्यात : १२ बोअरमध्ये सुमारे ३० ते ३२ ग्रॅम, तर ८ बोअरमध्ये सुमारे ५७ ग्रॅम शिसे मावते, त्यामुळे लांबवरही छऱ्यांचा पसारा दाट राहतो. त्याची किंमत वजनात मोजावी लागते. १२ बोअरची दुनळी साधारण ३ किग्रॅ. असते, ८ बोअरची साडेपाच ते ७ किग्रॅ. भरते. खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत) बसून बदकांची वाट पाहणाऱ्याला एवढे ओझे चालेल. करवंदीच्या जाळ्यांतून सह्याद्रीची चढण चढणाऱ्याला ते परवडत नाही. कोकणातील दुनळीच्या परवान्यांवर १२ बोअरच सर्वत्र आढळते, याचे एक कारण हेच असावे. दुसरे, बहुधा अधिक निर्णायक, कारण काडतुसांचे. १२ बोअरची काडतुसे खडकी येथील सरकारी कारखान्यात बनू लागली, १० व ८ बोअरची मात्र परदेशावर अवलंबून राहिली.

मागून भरायची मोडती (बिजागरीवर वाकवून उघडायची) बंदूक फ्रान्समध्ये लफोशो याने १८३० च्या दशकात प्रचारात आणली आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर इंग्लिश कारागिरांनी ती उचलली. बाहेर घोडे असलेल्या रचनेनंतर १८७५ मध्ये बर्मिंगहॅम येथे अँसन व डीली यांची आतल्या घोड्यांची रचना आली. १८७० च्या दशकात नळीचे तोंड किंचित आवळण्याची पद्धत रूढ झाल्यावर सामान्यतः उजवी नळी मोकळी व डावी आवळ ठेवू लागले. दोन चापांमुळे जवळच्या व लांबच्या सावजासाठी हवी ती नळी निवडता येई. आवळ नळीतून पूर्ण मापाची गोल गोळी मारणे धोक्याचे असते. ही अडचण फॉस्बेरी याच्या १८८५ च्या ‘पॅराडॉक्स’ रचनेने काही अंशी दूर केली : तीत नळीच्या तोंडाशीच आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा) असत व तिच्यातून छरे आणि गोळी दोन्ही चालत. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून जोडलेल्या ‘दमास्कस’ नळ्या काळ्या दारूसाठी बनल्या होत्या. त्यांत धूरविरहित दारूचे काडतूस वापरल्यास नळी फाटू शकते. जुने काडतूसघर बहुधा ६५ मिमी.चे आणि आजचे काडतूस सहसा ७० मिमी.चे, हाही तितकाच गंभीर धोका आहे. कोकणच्या दमट हवेत कागदी काडतुसे फुगून काडतूसघरात शिरत नाहीत, म्हणून पुन्हा भरता येणाऱ्या पितळी काडतुसांना पसंती असे. काळ्या दारूची काजळी ओल धरते, तिच्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. बार काढल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल न लावल्यास ती आतून खाल्ली जाते.

शिकार मुख्यतः रानडुकराची होत असे. त्याखेरीज भेकर, ससा, साळींदर, रानकोंबडा आणि भातकापणीनंतरच्या ओल्या मळ्यांत पाणलावा. हाकाऱ्यांनी व कुत्र्यांनी रान उठवायचे आणि बंदूकवाल्यांनी वाटा धरून बसायचे, ही सर्वपरिचित रीत. डुकरासाठी एल. जी. किंवा एस. जी. या मोठ्या मापांचे छरे वापरत; पहिल्याचा व्यास सुमारे ९.१ मिमी., दुसऱ्याचा सुमारे ८.४ मिमी. शिमग्याच्या सुमारास काही गावांत सामुदायिक पारध होई. ज्याचा बार लागला त्याला मानाचा वाटा व कुत्र्यांचाही वाटा, असे वाटणीचे संकेत असत. तपशील गावागणिक बदलतो.

शस्त्रपरवान्याची पद्धत १८७८ च्या कायद्याने दृढ झाली. त्याची जागा घेणाऱ्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीला संरक्षण किंवा खेळ यांसाठी, तर ठासणीच्या बंदुकीला पीकसंरक्षणासाठी परवाना देण्याची तरतूद आहे. कोकणातील परवाने पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. निवडणुकीच्या काळात बंदुका पुष्कळदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि तो काळ पीक उभे असण्याचा असला की शेतकऱ्यांची तक्रार होते. ती निराधार म्हणता येत नाही. शिकारीवर मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा लागू होता. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीस सर्वसाधारण मनाई केली, व परवान्याने शिकार करण्याची उरलेली सवलत १९९१ च्या दुरुस्तीने संपली. उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी कलम ११ खाली प्राधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. परंतु अशा रीतीने मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो, त्यामुळे वाटणीचे संकेत आता कायद्याच्या कक्षेत बसत नाहीत. जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान असलेले फणसाड (जि. रायगड) १९८६ मध्ये अभयारण्य झाले. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने आपल्या नावे परवाना न घेतल्यास दुनळी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते.