संवादातील नामोच्चार

समोरच्या व्यक्तीशी बोलताना तिचे नाव घ्यावे की टाळावे, आणि टाळल्यास त्याऐवजी पद, नातेवाचक शब्द किंवा अन्य संबोधन कोणते वापरावे, यासंबंधीच्या सामाजिक संकेतांचा विचार संवादातील नामोच्चार या विषयात होतो. गर्दीत एखाद्याला हाक मारायची असेल तर नाव लागतेच. पण दोघे समोरासमोर बसून बोलत असतात तेव्हा नाव घेण्याची तशी काहीच गरज नसते, कारण आपण कोणाशी बोलतो आहोत हे दोघांनाही ठाऊक असते. अशा वेळी उच्चारलेले नाव ओळख पटवण्यासाठी नसते, ते दोघांमधील नात्याविषयी काही सांगते. नेमके काय सांगते हे समाजागणिक बदलते, आणि एका समाजात आपुलकीचा ठरणारा नामोच्चार दुसऱ्या समाजात अधिक्षेप ठरतो तो यामुळेच.

स्वतःच्या नावाचा माणसाच्या लक्षावर विशेष प्रभाव असतो. दोन कानांत दोन वेगळे संदेश ऐकवून त्यांपैकी एकाकडेच लक्ष देण्यास सांगणाऱ्या प्रयोगांत दुर्लक्षित कानातील शब्द श्रोत्यांना सहसा सांगता येत नसत. तरीही त्या कानात आलेले स्वतःचे नाव सुमारे एकतृतीयांश श्रोत्यांच्या लक्षात आले, असे नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये दाखवले. ही शक्ती सर्वत्र ओळखली गेली आहे. काही समाज तिचा मुक्तपणे वापर करतात, तर काही तिच्यावर बंधने घालतात.

अमेरिकन इंग्रजीत पहिल्या भेटीतच पहिले नाव घेणे आणि बोलण्याच्या ओघात ते पुन्हा उच्चारणे मनमोकळेपणाचे समजले जाते. मात्र ‘जॉन, मला तसे वाटत नाही’ या वाक्यातून नाव काढून टाकले, तर मतभेद तेवढा उरतो. नावामुळे त्याला समजावणीचा किंवा दटावणीचा सूर येतो, आणि तो कोणता हे वक्त्याच्या अधिकारावर ठरते. रॉजर ब्राउन आणि मार्गरीट फोर्ड यांनी १९६१ मध्ये या संबोधनांचा अभ्यास करताना परस्परतेवर भर दिला. दोघेही एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत असतील तर ती जवळीक असते. पण एकाने नाव घ्यायचे आणि दुसऱ्याने आडनावामागे ‘मिस्टर’ लावायचे, अशी वाटणी असेल तर ती उतरंड असते.

या वाटणीतील अन्यायाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या न्यायालयीन इतिहासात सापडते. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या साक्षीदारांना ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ म्हटले जाई, तर कृष्णवर्णीयांना नुसत्या नावाने हाक मारली जाई. १९६३ साली अलाबामातील गॅड्सडेन येथे नागरी हक्क कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांना सरकारी वकिलाने ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला, तेव्हा योग्य रीतीने संबोधल्याशिवाय उत्तर देण्यास त्यांनी नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला. ही शिक्षा १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. नाव तेच, उच्चारही तोच. पण मैत्रिणीच्या तोंडी जो जिव्हाळा असता, तो तेथे अपमान होता.

जपानी भाषेत ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ अशी सर्वनामे शक्यतो टाळली जातात, त्यामुळे त्यांची जागा बहुधा आडनावाला ‘सान’ हा आदरार्थी प्रत्यय जोडून किंवा पद सांगून भरून काढावी लागते. कार्यालयात विभागप्रमुखाला ‘बुचो’ म्हणतात, शिक्षकाला ‘सेन्सेई’. घरात धाकटे भावंड थोरल्याला नातेवाचक शब्दाने हाक मारते, थोरला मात्र धाकट्याचे नाव घेतो. विशेष म्हणजे बाहेरच्या माणसाशी बोलताना कर्मचारी आपल्याच वरिष्ठाच्या नावाला जोडायचा ‘सान’ गाळून ‘तानाका बाहेर गेले आहेत’ असे सांगतो. कारण त्या क्षणी वरिष्ठही ‘आपल्यातला’ असतो आणि आपल्या माणसाचा मान परक्यापुढे वाढवायचा नसतो.

नामोच्चाराचा स्पष्ट निषेधही अनेक ठिकाणी आढळतो. चीनमध्ये सम्राटाच्या नावातील अक्षरे बोलण्या-लिहिण्यात वर्ज्य असत. कांग्शी सम्राटाचे नाव श्वान्ये असल्यामुळे बीजिंगच्या राजवाड्यातील ‘श्वानवू’ दरवाजा ‘शनवू’ झाला. दक्षिण आफ्रिकेतील झोसा आणि झुलू समाजांत ‘श्लोनिफा’ या प्रथेनुसार विवाहित स्त्री सासऱ्याचे नावच नव्हे, तर त्याच्याशी जुळणारे ध्वनी असलेले शब्दही टाळते आणि त्यांच्या जागी पर्यायी शब्द वापरते. भारतीय उपखंडात पत्नीने पतीचे नाव न घेण्याचा प्रघात याच जातकुळीचा आहे. ऑस्ट्रेलियातील वार्लपिरी लोक मृत्यूनंतर काही काळ मृताचे नाव उच्चारत नाहीत. त्याच नावाच्या जिवंत व्यक्तीलाही त्या काळात ‘कुमांजाई’ म्हटले जाते.

काही समाजांत अपत्य झाले की आईवडिलांचे संबोधनच बदलते. अरबी भाषेत ‘अबू’ म्हणजे अमक्याचा पिता आणि ‘उम्म’ म्हणजे अमक्याची आई अशी संबोधने आदराची समजली जातात. बाली बेटावरही अशीच पद्धत आहे. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८८९ मध्ये या प्रथेला स्वतंत्र पारिभाषिक संज्ञा दिली.

याच्या दुसऱ्या टोकाला आइसलँड आहे. तेथे बहुतेकांना कुलनाम नसते, नावापुढे पित्याचे किंवा मातेचे नाव लागते, आणि राष्ट्राध्यक्षालाही पहिल्या नावानेच संबोधतात. स्वीडनमध्ये मात्र पूर्वी व्यक्तीला तिच्या पदानेच संबोधावे लागे. पद माहीत नसेल तर कर्ता गाळून वाक्ये रचली जात. १९६०च्या दशकात ही घडी मोडली. वैद्यकीय प्रशासनाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी १९६७ मध्ये आपण सर्व सहकाऱ्यांना ‘दू’ म्हणजे एकेरीत संबोधणार असल्याचे जाहीर केले, आणि त्यांचे नाव या बदलाशी कायमचे जोडले गेले.

अनुवादात हे भेद फार अवघड ठरतात. जपानी संवादातील ‘थोरला भाऊ’ या अर्थाच्या हाकेच्या जागी इंग्रजी उपशीर्षकांत अनेकदा त्या भावाचे नाव येते. वाक्य सहज वाटते, पण धाकट्या बहिणीने भावाचे नाव कधीच घेतलेले नसते.