लिंचिंग (अमेरिका)

लिंचिंग म्हणजे जमावाने एखाद्याला स्वतःच गुन्हेगार ठरवून, कोर्टाची वाट न बघता जिवे मारणं. आपल्याकडे बातम्यांत मॉब लिंचिंग हा शब्द येतो तो तिकडूनच आलाय, पण ही नोंद अमेरिकेपुरती आहे, आणि त्यातही मुख्यतः यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या लोकांचं जे झालं त्याबद्दल.

नाव कुणावरून पडलं यावर वाद आहे. दावेदार दोन, दोघंही व्हर्जिनियातले. चार्ल्स लिंच हा बेडफर्ड काउंटीतला जमीनदार, मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेचा, कर्नल. स्वातंत्र्ययुद्धात १७८० च्या सुमारास त्याने इंग्रजधार्जिण्या लोकांना आपल्याच अधिकारात शिक्षा दिल्या. दुसरा विल्यम लिंच, पिट्सिल्व्हेनिया काउंटीतला, पण गुंडांना आपणच शिक्षा करायची असा त्याचा करारनामा म्हणून जो मजकूर दाखवतात तो छापला गेला थेट १८३६ मध्ये, त्यामुळे चार्ल्सचं पारडं जड वाटतं. तेव्हा शिक्षा बहुतेक चाबकाच्या फटक्यांची असायची, जीव घेण्याची नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, चार्ल्स लिंचने जे केलं त्याला १७८२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने मागाहून कायदा करून संरक्षण दिलं.

किती लोक मारले गेले हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. अलाबामातल्या तस्कीगी या काळ्या लोकांच्या शिक्षणसंस्थेची नोंद १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ लिंचिंग सांगते, त्यात ३,४४६ काळे आणि १,२९७ गोरे. मॉंटगोमेरीच्या इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या न्यायासाठी काम करणाऱ्या संस्थेने फक्त १८७७ ते १९५० आणि दक्षिणेतली १२ राज्यं घेतली आणि फक्त वंशाच्या नावाने दहशत बसवण्यासाठी केलेले खून मोजले, तरी आकडा ४,००० च्या वर गेला. हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नये, कारण दोघांची मोजणीच वेगळी आहे. १९४० मध्ये तस्कीगीला बैठक होऊन व्याख्या ठरली ती साधारण अशी: माणूस मेल्याचा पुरावा हवा, मृत्यू बेकायदा हवा, मारणारे तीन किंवा जास्त हवेत आणि न्याय, वंश किंवा परंपरेसाठी केलं असा त्यांचा बहाणा हवा. मग दोघांनी रात्री घरातून उचलून नेलेला माणूस कुठे धरायचा? दंगलीत मेलेले धरायचे का? काही संघटनांना लिंचिंग संपत आलंय असं दाखवायचं होतं, तर काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं म्हणणं होतं की ते संपलं नाही, फक्त गुपचूप व्हायला लागलंय. पुराव्यांकडे बघता एनएएसीपीचं म्हणणं जास्त पटतं.

कारण म्हणून गोऱ्या स्त्रीवरचा अत्याचार पुढे केला जायचा. पण १८९२ मध्ये मेंफिसला तीन काळ्या दुकानदारांना तुरुंगातून काढून गोळ्या घातल्या, त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचं किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक खेचत होतं. तिथली पत्रकार आयडा बी. वेल्स हिने मग गोऱ्या पेपरांतल्याच बातम्या घेऊन हिशेब मांडला आणि दाखवलं की अत्याचाराचा नुसता आरोपसुद्धा साधारण एक तृतीयांश प्रकरणांतच होता. तिच्या पेपरची कचेरी जमावाने फोडली. कापसाचे भाव पडले की लिंचिंग वाढायचं असंही एक मत आहे, पण हा संबंध सगळ्या दशकांत सारखा दिसत नाही.

आता कायदा, आणि खरी मेख इथेच आहे. खून हा राज्याचा विषय, म्हणजे शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), कोरोनर (मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी), सरकारी वकील, ज्युरी सगळे त्याच गावचे, बहुतेक वेळा जमावातल्यांना नावाने ओळखणारे. कोरोनरचा ठरलेला निष्कर्ष असायचा, अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू. १९१६ मध्ये टेक्सासच्या वेको गावात जेसी वॉशिंग्टन या १७ वर्षांच्या मुलाला हजारोंच्या गर्दीसमोर जाळलं, फोटोग्राफरने फोटो काढले, त्यांची पोस्टकार्डं विकली गेली, त्यात चेहरे दिसतात, तरी खटला कुणावरच नाही.

मग केंद्र सरकारने का हात घातला नाही? घातला होता. १३ एप्रिल १८७३, ईस्टरच्या दिवशी लुइझियानात कोलफॅक्सला गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने काळ्या लोकांची कत्तल केली, मृतांचा अंदाज ६० पासून १५० पर्यंत जातो. १८७० च्या केंद्रीय कायद्याखाली खटला भरला, तिघं दोषी ठरले, पण १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रुकशँक निकालात ते रद्द केलं. म्हणणं असं की सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्याने केलेल्या अन्यायाला लागू होते, खासगी माणसांनी केलेल्या नाही. म्हणजे राज्य मारत नाही, नुसतं बघत बसतं, तर केंद्राला बोलायला जागाच नाही. पुढची कित्येक दशकं हा निकाल ढालीसारखा वापरला गेला. अपवाद एक, १९०६ मध्ये चॅटनूगाला एड जॉन्सन या काळ्या माणसाची फाशी सुप्रीम कोर्टाने थांबवली असताना जमावाने त्याला मारलं, तेव्हा कोर्टाने स्वतःच्या अवमानाबद्दल शेरीफ शिपवर खटला चालवून १९०९ मध्ये त्याला दोषी धरलं. कोर्टाच्या इतिहासातला असा तो एकमेव फौजदारी खटला. शिक्षा झाली ९० दिवस.

मिसूरीचे खासदार लिओनिडस डायर यांचं लिंचिंगविरोधी विधेयक जानेवारी १९२२ मध्ये खालच्या सभागृहात पास झालं, सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी भाषणं लांबवून ते मारलं. अशी एकूण सुमारे २०० विधेयकं आली आणि गेली. सिनेटने २००५ मध्ये त्याबद्दल माफी मागितली, कायदा मात्र २९ मार्च २०२२ ला झाला, जास्तीत जास्त ३० वर्षांची शिक्षा, आणि त्याला नाव एमेट टिलचं.

एमेट शिकागोचा, वय १४. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत नातेवाइकांकडे आला असताना एका गोऱ्या दुकानदारणीशी आगाऊपणा केला म्हणून त्याला रात्री उचलून नेऊन मारलं आणि नदीत टाकलं. आई मेमी टिलने शवपेटी उघडी ठेवायला लावली, माझ्या मुलाचं काय केलं ते सगळ्यांनी बघू दे म्हणून. समनरच्या कोर्टात, एमेट ज्यांच्या घरी उतरला होता त्या म्हाताऱ्या मोझ राइट यांनी भर गर्दीत उभं राहून आरोपींकडे बोट दाखवलं, त्या काळी तिथे काळ्या माणसाने असं करणं म्हणजे जिवाशी खेळ. ज्युरीत बारा गोरे पुरुष, तासाभरात निर्दोष. काही महिन्यांत दोघा आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली, आणि एकदा सुटल्यावर पुन्हा त्याच गुन्ह्याचा खटला चालत नाही, म्हणून काहीच झालं नाही.

चिनी, मेक्सिकन आणि इटालियन लोकही यात मारले गेले. १८७१ मध्ये लॉस एंजेलिसला चिनी वस्तीवर हल्ला झाला, १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला ११ इटालियन मारले.

अलीकडे ही प्रकरणं द्वेषगुन्हा, म्हणजे वंश वगैरेच्या द्वेषातून केलेला गुन्हा, या नावाखाली येतात. १९९८ मध्ये टेक्सासच्या जॅस्परला जेम्स बर्ड यांना ट्रकमागे फरफटत नेऊन मारलं, तिघांना शिक्षा झाली, दोघांना मृत्युदंड. २००९ चा केंद्रीय द्वेषगुन्हा कायदा त्यांच्या आणि समलिंगी म्हणून मारल्या गेलेल्या मॅथ्यू शेपर्डच्या नावाने आहे. पण फेब्रुवारी २०२० मध्ये जॉर्जियात धावायला गेलेल्या अहमॉड आर्बरीला तिघा गोऱ्यांनी गाड्यांनी पाठलाग करून गाठलं, एकाने गोळ्या घातल्या. दोन महिने अटकच नाही, कारण एका सरकारी वकिलाने हा साध्या नागरिकाने संशयिताला स्वतः अटक करण्याचा हक्क ठरवला, ज्याचा कायदा १८६३ चा, गुलामीच्या काळातला. व्हिडिओ बाहेर आला तेव्हा कुठे अटक झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघं खुनासाठी आणि पुढच्या फेब्रुवारीत द्वेषगुन्ह्यासाठी दोषी ठरले. जॉर्जियाने २०२० मध्ये द्वेषगुन्ह्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये तो जुना अटकेचा कायदा रद्द केला.